मोडलेल्या पायाचा हिशेब

“साधारण किती मिळतील हो?”

साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या वकिलाकडे जखमी माणसाचा भाऊ, बायको किंवा मेहुणा पहिल्यांदा येतो, तेव्हा कागदांची पिशवी उघडण्याआधीच हा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. कमावता माणूस पलंगावर आहे, दवाखान्याचं बिल उसनवारीवर भागवलंय आणि पुढचा हप्ता तोंडावर आलाय. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. गेलेल्यांची बातमी होते. जखमींचा हिशेब मात्र वर्षानुवर्षं कोर्टात चालू राहतो आणि तो कसा मांडला जातो हे बहुतेक घरांना माहीतच नसतं.

तो हिशेब समजावा म्हणून या लेखात दोन माणसं समोरासमोर बसवली आहेत. मामा सरकारी विमा कंपनीच्या क्लेम विभागातून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी कंपनीच्या बाजूने दावे तपासले. भाची वकील, जखमींच्या बाजूने उभी राहणारी. ही दोघं आणि त्यांच्यापुढचा दावा उदाहरणापुरता आहे. कायदा, निकाल आणि सरकारी आकडे खरे आहेत.

दावा असा. बत्तीस वर्षांचा वायरमन पुणे-सातारा रस्त्याने दुचाकीवर चालला होता. मागून मोटार धडकली. डाव्या पायाची नडगी आणि शेजारचं हाड अशी दोन्ही मोडली, आत रॉड बसवला. सहा महिने तो घरी होता. उपचारांची बिलं २,१०,००० रुपयांची. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर डाव्या पायाचं चाळीस टक्के कायमचं अपंगत्व. कमाई महिना वीस हजार, असं घरचे सांगतात. मोटारीचा विमा चालू आहे.

“सात लाखांत मिटव,” मामा म्हणाले. “येत्या लोकअदालतीत ठेव. पोराच्या हातात पैसे पडतील.”

“सात कुठून आणले मामा?”

“इतक्या वर्षांचा अंदाज.”

“मग तो अंदाज कागदावर मांडा. मी माझा मांडते.”

भाचीचा हट्ट योग्य होता. भारतात अशा भरपाईला बाजारभाव नाही, सूत्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात वयानुसार गुणकांचा तक्ता घालून दिला. पंचविशीपर्यंत १८, सव्वीस ते तीसला १७, एकतीस ते पस्तीसला १६. पुढे तो उतरत जातो आणि पासष्टीनंतर ५ वर येतो. वर्षाची कमाई गुणिले हा गुणक, असा पाया. २०१७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रणय सेठी निकालात त्यात भविष्यातल्या वाढीचा हिस्सा ठरवून दिला. स्वतःचा धंदा करणाऱ्याचं वय चाळिशीच्या आत असेल, तर कमाईत ४० टक्के मिळवायचे. कायम नोकरी असेल तर ५० टक्के. ही वाढ फक्त मृत्यूच्या दाव्यात नव्हे, कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यातही धरायची, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं.

भाचीने वहीत लिहिलं. वीस हजार अधिक चाळीस टक्के, म्हणजे महिना अठ्ठावीस हजार. वर्षाला ३,३६,०००. गुणिले सोळा, ५३,७६,०००. त्यातली कमाईची क्षमता वीस टक्क्यांनी गेली असं धरलं, तर १०,७५,२००. शिवाय बिलं २,१०,०००, सहा महिन्यांची बुडालेली कमाई १,२०,०००, वेदना आणि आयुष्यातल्या सुखाला मुकल्याबद्दल एक लाख, खाणंपिणं, प्रवास, सोबतीचं माणूस यासाठी पन्नास हजार. एकूण १५,५५,२००.

मामांनी पेन घेतलं. “वीस हजारांचा पुरावा काय? पगारपत्रक नाही, आयकर विवरण नाही. मी बारा हजार धरीन. दाखला चाळीस टक्के म्हणतो, पण तो एका पायाचा आहे, सगळ्या शरीराचा नाही. मी दहा टक्के धरीन. मग तुझे पावणेअकरा लाख होतात ३,२२,५६०. बिलं तुझीच धर. सहा महिन्यांचे बहात्तर हजार. वेदनेचे पन्नास, बाकीचे पंचवीस. सहा लाख ऐंशी हजारही होत नाहीत. म्हणून सात.”

पाय तोच, अपघात तोच, सूत्रही तेच. फरक पावणेनऊ लाखांचा. “साधारण किती” या प्रश्नाचं उत्तर का देता येत नाही, ते या दोन रकान्यांत दिसतं. वाद गुणकाचा नाही, तो वयानुसार ठरलेलाच आहे. वाद कमाई किती आणि तिच्यातली गेली किती, या दोन आकड्यांचा आहे.

“दहा टक्के कसे?” भाचीने विचारलं. “हा माणूस टेबलावर बसून काम करत नाही. शिडीवर चढतो, पोलवर चढतो. गुडघा पूर्ण वाकत नाही.”

“मग दाखला देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला आण. नुसता कागद लावून भागत नाही.”

“आणणार आहे. पण दहाचा आकडा तुम्ही कुठून काढलात तेही सांगा.”

इथे मामा थोडे अडखळले, कारण या मुद्द्यावर कायदा भाचीच्या बाजूने आहे. राज कुमार खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या करून ठेवल्या आहेत. शरीराचं अपंगत्व किती, हे डॉक्टर सांगतो. त्यामुळे कमाई किती बुडाली, हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं. त्या निकालातलं उदाहरणच बोलकं आहे. डावा हात कापला गेला, तर डॉक्टर साधारण साठ टक्के अपंगत्व लिहील. जखमी माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर त्याची कमाई जवळपास शंभर टक्के गेली. तोच माणूस सरकारी कचेरीत कारकून असेल आणि नोकरी टिकली, तर कमाई बुडालीच नाही असंही होऊ शकतं. त्याला हात गेल्याची भरपाई मिळेल, पण ती आयुष्यातल्या सुखाला मुकल्याच्या रकान्यात. म्हणून वायरमनच्या दाव्यात दाखल्याइतकंच महत्त्व त्याच्या कामाच्या वर्णनाला आहे. तो कुठे चढायचा, काय उचलायचा, आता काय जमत नाही, हे कोणीतरी शपथेवर सांगायला हवं. कित्येक दाव्यांत हे सांगितलंच जात नाही आणि मग न्यायाधिकरण जवळचा गोल आकडा धरतं. जखमी माणसाचं सर्वात मोठं नुकसान इथे होतं, असं प्रस्तुत लेखकाचं स्पष्ट मत आहे.

मामांची बाजूही हलकी नाही. “तुम्हाला कंपनी म्हणजे नुसती तिजोरी वाटते,” ते म्हणाले. “हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या सरकारी दरात वर्षाला ३,४१६ रुपये ठरला. त्यावर तिऱ्हाइताच्या मृत्यूची, दुखापतीची जबाबदारी अमर्याद. पैसा येतो तो हप्ता भरणाऱ्यांकडूनच. उत्तर प्रदेशात खोट्या अपघात-दाव्यांचा इतका सुळसुळाट झाला, की अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं. दुसरीकडे कुठेतरी पडलेल्या माणसाचा मोटार अपघात दाखवायचा, गाडी आणि ड्रायव्हर नंतर उभे करायचे. अशा एका दाव्याचे पैसे गेले की पुढच्या दहा खऱ्या माणसांकडे संशयाने बघितलं जातं. मी कागद मागतो तो छळायला नाही.”

“मान्य. पण खोट्याच्या भीतीने खऱ्याचे पैसे का कापायचे?”

“म्हणून तर म्हणतो, कागद दे.”

वायरमनच्या भावाने मग आणखी एक पिशवी आणली. त्यात बँकेचं पासबुक होतं, मोबाइलवरून जमा झालेल्या रकमांचे उतारे होते आणि दोन ठेकेदारांची बिलं होती. सरासरी सोळा हजारांच्या आसपास बसली. मामांनी उतारे दोनदा तपासले आणि सोळा मान्य केले. क्षमतेच्या वीस टक्क्यांवर त्यांनी मान डोलावली नाही, पण दहावरही ते ठाम राहिले नाहीत. सोळा हजार आणि वीस टक्के धरून भाचीने नवा हिशेब मांडला. कमाईचं नुकसान ८,६०,१६०, सहा महिन्यांचे ९६,०००, बाकी रकाने तेच. एकूण १३,१६,१६०.

मामांनी आणखी एक मुद्दा काढला. “पोराचा मेडिक्लेम होता ना? दीड लाख तिथून मिळालेत. ते वजा कर.”

“नाही मामा. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा मार्च २०२५ चा निकाल आहे. मेडिक्लेमचे पैसे स्वतः भरलेल्या हप्त्याचे असतात. मोटार अपघाताच्या भरपाईतून ते वजा होत नाहीत.”

“हेल्मेट नव्हतं, आणि मागे दोघं बसली होती असं पंचनाम्यात आहे.”

“ट्रिपल सीट होतं म्हणून आपोआप त्याची चूक ठरत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय. त्यामुळे अपघात झाला किंवा दुखापत वाढली, हे दाखवावं लागतं. मागून धडक बसली आणि पाय मोडला. हेल्मेटचा पायाशी काय संबंध?”

मामा हसले नाहीत. त्यांनी मुद्दा वहीतून खोडला.

वायरमनऐवजी त्याची बायको जखमी झाली असती, तर काय? मोटार वाहन कायद्याच्या जुन्या दुसऱ्या अनुसूचीत न कमावणाऱ्या जोडीदाराची कमाई कमावत्या जोडीदाराच्या कमाईच्या एक तृतीयांश धरलेली होती. घर चालवणाऱ्या बाईच्या कामाला स्वतःचं मोल नाही, ते नवऱ्याच्या कमाईवरून ठरायचं, असा त्याचा अर्थ. जानेवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचं मोल धरून तिची कमाई ठरवायलाच हवी आणि तिच्यातही भविष्यातली वाढ मिळवावी, असं म्हटलं. तरी आजही घरातली जखमी बाई “काही करत नव्हती” असं फिर्यादीत लिहिलं जातं. ते लिहू देऊ नये.

भाचीने मग मोठं उदाहरण काढलं. बारा वर्षांची मुलगी, ऑक्टोबर २००७, आईबापांबरोबर ट्रॅक्टरवर जात असताना ट्रकची धडक. मेंदूला मार बसला, शंभर टक्के अपंगत्व, आयुष्यभर दुसऱ्याच्या आधाराने जगणं. न्यायाधिकरणाने दिले सुमारे अकरा लाख. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने पावणेसव्वीस लाखांच्या आसपास केले. सर्वोच्च न्यायालयाने ६२,२७,००० केले. त्यात नुसता सांभाळणाऱ्या दोन माणसांचा खर्च, महिना दहा हजार गुणिले अठराचा गुणक, २१,६०,००० होता.

“बघा,” ती म्हणाली. “पहिल्याच पायरीवर मिटवलं असतं तर?”

“निकालाची तारीख सांग,” मामा म्हणाले.

“फेब्रुवारी २०२०.”

“म्हणजे बारा वर्षं. त्या बारा वर्षांत त्या पोरीला कोणी सांभाळलं? आईनेच ना?”

भाचीकडे याला उत्तर नव्हतं. हा मुद्दा खरा आहे आणि तो कंपनीचा माणूस मांडतो म्हणून खोटा ठरत नाही. मामांनी तो आकड्यांत मांडला. न्यायाधिकरण अर्जाच्या तारखेपासून व्याज देतं, बहुतेक वेळा वर्षाला सहा ते नऊ टक्के. सव्वातेरा लाखांवर साडेसात टक्क्यांनी चार वर्षांचे जवळपास चार लाख होतात. कागदावर थांबणं फायद्याचं दिसतं. पण बिलाचे २,१०,००० सावकाराकडून शेकडा तीनने घेतले असतील, तर महिन्याला ६,३०० रुपये जातात. चार वर्षांत तीन लाखांहून अधिक. कोर्टाचं साडेसात टक्के वर्षाचं आहे आणि सावकाराचं तीन टक्के महिन्याचं.

मग तडजोड करावी का? करावी. पण केव्हा आणि कशावर, हे बघून.

तडजोडीचे आज तीन दरवाजे आहेत आणि तिन्हींचे परिणाम वेगळे. पहिला, मोटार वाहन कायद्याचं १६४ वं कलम. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या या कलमाने चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. अडचणीत सापडलेल्या घराला अडीच लाख लगेच हवेसे वाटतात. पण ठरलेल्या प्रक्रियेने ही रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. आपल्या वायरमनच्या बाबतीत याचा अर्थ तेरा लाखांच्या हिशेबावर अडीच लाखांत सही. ज्याचं हाड मोडलं आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण जुळलं, त्याला हा दरवाजा चालेल. ज्याचं काम शरीरावर चालतं आणि अपंगत्व कायमचं राहिलंय, त्याने सहीपूर्वी वकिलाला विचारावं.

दुसरा दरवाजा १४९ व्या कलमाचा. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा, त्यावर कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने देकार द्यायचा, अशी २०२२ च्या नियमांची रचना आहे. देकार पटला तर न्यायाधिकरण तडजोड नोंदवतं आणि कंपनीने तीस दिवसांत पैसे द्यायचे. नाही पटला तर सुनावणी. ही रचना नीट चालली तर वायरमनला बारा वर्षं थांबावं लागणार नाही. ती नीट चालावी म्हणून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये पोलीस आणि कंपन्यांना सविस्तर निर्देश दिले. आपल्या पोलीस ठाण्याने अहवाल पाठवला का, हे विचारणं जखमीच्या घरच्यांचा हक्क आहे. तो त्यांनी बजावावा.

तिसरा दरवाजा लोकअदालतीचा, म्हणजे मामांचा आवडता. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. मामांच्या मते हेच त्याचं बळ, कारण कंपनीही वर जाऊ शकत नाही. भाचीच्या मते हीच त्यातली जोखीम. लोकअदालतीच्या दिवशी सभागृहात गर्दी असते, एकेका दाव्याला मोजकी मिनिटं मिळतात आणि घरच्यांना हिशेबाची वहीसुद्धा कोणी दाखवलेली नसते.

“वही दाखवून केलेली तडजोड मला मान्य आहे,” भाची म्हणाली. “अंदाजाने केलेली नाही.”

“मग बोल. कितीवर?”

“बारा.”

“दहा. अधिकारी असतो तर यापुढे सही केली नसती.”

सात आणि साडेपंधरापासून सुरू झालेले दोघं दोन लाखांच्या अंतरावर येऊन थांबले. ते अंतर मिटवणं हे डॉक्टरच्या साक्षीचं काम आहे. वायरमन शिडीवर चढू शकत नाही हे साक्षीत टिकलं, तर बारा लाख जास्त नाहीत. नाही टिकलं, तर दहासुद्धा मिळणार नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते ही साक्ष होण्याआधी तडजोडीला बसायची घाई करू नये आणि ती झाल्यावर फार ताणूही नये.

पैसे मिळाल्यानंतरचा एक प्रश्न दोघांनी एकमताने मांडला. भरपाईतले तीस-चाळीस टक्के मागणारे लोक दवाखान्याच्या दारापासून भेटतात. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवून वकिलाने फी घेणं बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. अशिक्षित किंवा अडचणीतल्या जखमींची रक्कम कोणी लुबाडू नये म्हणून तिचा मोठा भाग मुदत ठेवीत ठेवण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच दिले. ठेव मोडून घेण्याची घाई करणाऱ्याला घरच्यांनी कारण विचारावं.

आता या घरांनी करायच्या गोष्टी. त्या अपघाताच्या पहिल्या काही दिवसांतच करायच्या असतात, कारण वर्षभराने मामांसारख्या अधिकाऱ्यापुढे जे ठेवायचं ते तेव्हाच जमतं. उपचारांची काळजी आधी. २०२५ च्या कॅशलेस योजनेत अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत दीड लाखांपर्यंतचा उपचार नेमलेल्या रुग्णालयात विनामूल्य आहे आणि मदतीसाठी ११२ क्रमांक आहे. फिर्याद आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या. दवाखान्याचे कागद, औषधाच्या चिठ्ठ्या, रिक्षाच्या पावत्यासुद्धा फेकू नका. कमाई रोखीत असेल तर ज्यांच्याकडे काम केलं त्यांच्याकडून लिहून घ्या. उपचार संपून पाय स्थिरावल्यावरच अपंगत्वाचा दाखला काढा. धडक देणारी गाडी पळून गेली असेल, तरी रिकामं परतू नका. हिट अँड रनसाठी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार, अशी वेगळी योजना आहे.

दावा अपघाताच्या ठिकाणी किंवा आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात करता येतो. म्हणजे अपघात मुंबईजवळ झाला असता, तरी आपला वायरमन साताऱ्यात दावा करू शकला असता. १ एप्रिल २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. त्या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर कोणी थांबू नये. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता तिथे वकील विनामूल्य मिळतो. त्यांचा देशभराचा मदत क्रमांक १५१०० आहे.